पडलो की विझायचं

मी हीटर बोलतोय. थांबा, बादली आणायला पळू नका. कोल्हापुरात हीटर म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं आंघोळीच्या पाण्यात सोडायची कांडी येते. ती आमच्या भावकीतलीच, पण मी ती नव्हे. मी खोली ऊबदार करणारा हीटर. उंची दीड हात, पोटात दोन कांड्या, पाठीला चकचकीत पत्रा, तोंडावर जाळी.

आता तसा काही दिसत नाही म्हणा. जाळी अर्धी काळी पडलीय, पत्र्याला पोचा आलाय आणि वायर तर मुळापासनं कापून टाकलीय. उद्यमनगरात जोतीराम आण्णांच्या वर्कशॉपमध्ये शिरलात की उजव्या हाताच्या फळीवर मी दिसेन. येणारं-जाणारं माणूस विचारतं, हे भंगार कशाला ठेवलंय म्हणून. आण्णा कधी सांगतात, कधी नुसता तळहात पुढं करतात. मी मात्र सगळं सांगणार आहे. सांगताना माझा जीव अजून खालीवर होतो, तरी सांगणार.

मी जन्मलो तो कारखाना कुठला, ते मला नीट आठवत नाही. आठवते ती शेवटच्या टेबलावरची बाई. तिला दिवसभर एकच काम. समोर चालू हीटर आला की त्याला बोटानं ढकलून आडवा पाडायचा. आमच्या बुडाला एक बटण असतं. आम्ही सरळ उभे असलो की आमच्याच वजनानं ते आत दाबलेलं राहतं. आम्ही कललो किंवा पडलो की ते टक् करून बाहेर येतं आणि वीज तुटते. जो पडूनही विझला नाही, त्याला ती बाई बाजूच्या पेटीत टाकायची. पेटीतला पुन्हा दिसायचा नाही.

मला तिनं तीनदा पाडलं. तिन्ही वेळा मी विझलो. तिनं माझ्या डोक्यावर हलकेच थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. माझी शाळा एवढीच झाली. पडलो की विझायचं. आमच्या कुळात याहून मोठी अक्कल कुणाला नाही.

खोक्यातनं मी निघालो तो कोल्हापुरातल्या एका दुकानात, आणि तिथं दोन वर्षं धूळ खात बसलो. कोल्हापूरच्या माणसाला हीटर विकायचा म्हणजे मासळीला छत्री विकण्यातली गत. गिऱ्हाईक यायचं, मला उचलून बघायचं, पाण्यात कसा सोडायचा हा, असं विचारायचं. दुकानदार समजावून सांगायचा. मग गिऱ्हाईक हसायचं आणि म्हणायचं की थंडी वाजली तर वाटीभर तांबडा रस्सा पितो की, ह्येला काय करायचंय. मला राग यायचा. पण राग येऊन करतो काय? पिनच नव्हती लावलेली.

अशात माघातल्या एका सकाळी जोतीराम आण्णा दुकानात आले.

आण्णा म्हणजे उद्यमनगरातला जुना हात. तीस वर्षं ट्रकांच्या बॉड्या बांधल्या. वेल्डिंग करावं त्यांनी, सांधा कुठाय ते शोधून सापडू नये. मालकीण, म्हणजे त्यांची बायको, जाऊन सात वर्षं झाली होती. घरात थोरली बहीण आक्का, मुलगा राजवीर, सून स्नेहल आणि अकरा महिन्यांचा नातू. नाव सम्राट, आणि तोंडात दात चार.

काम कमी केल्यावर आण्णांना एक खूळ लागलं. शाळेची एक जुनी सतरा सीटची गाडी त्यांनी घेतली, आतली बाकडी काढली, खाली प्लायवूड मारलं, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला गादी, खिडक्यांना पडदे. फिरतं घर. गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून आत बघायला यायची. आक्का तेवढी म्हणायच्या, चाकावरचं खोपाट केलंय माझ्या भावानं. पण म्हणताना चेहरा खुललेला असायचा.

त्या घराची पहिली वारी ठरली सम्राटच्या जावळाची. त्यांच्या देवीचं ठाणं गगनबावड्याच्या अलीकडं डोंगरात. सकाळी जावळ काढायचं आणि रात्री तिथंच, पाहुण्याच्या अंगणात, आपल्या गाडीत मुक्काम करायचा, असा आण्णांचा हट्ट. आक्कांना त्या दिवसापासनं एकच घोर. माघाची थंडी, घाटमाथ्यावरचं धुकं आणि पोराचं डोकं उघडं बोडकं. त्या घोरापायी आण्णा दुकानात आले आणि मला काखेत मारून घेऊन गेले.

माझ्या खोक्यात एक छोटं पुस्तक होतं. आण्णांनी ते खोक्यासकट बाजूला फेकलं. उचललं स्नेहलनं. ही नेसरीची पोरगी. भेळ खाऊन झाल्यावर भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचणार. एका डेअरीच्या ऑफिसात कामाला होती आणि तिथंही म्हणे आलेली पाकिटं फेकायच्या आधी वाचून काढायची. तिनं पुस्तक वाचलं आणि पोराच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवून दिलं. ते बघून मला जरा बरं वाटलं. घरात एका माणसाला तरी माझी भाषा कळली होती.

गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. मी ओट्याखाली दोरीनं बांधलेला. प्रत्येक वळणाला माझं बटण टक् टक् करायचं. वर चढेल तशी काच धुरकट व्हायला लागली. मला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक होणार बघ. आयुष्यात एवढा आनंद पुन्हा झाला नाही, म्हणून सांगतोय.

पाहुण्यांचं नाव हंबीरराव. राजवीरच्या आजोळकडचे. माणूस दिलदार, आवाज असा की हळू बोलला तरी समोरच्या डोंगराला कळावं. त्यांचं अंगण मात्र उताराचं. गोठ्याकडं उतरण, वर घराकडं चढ. गाडी अंगणात लावली, तर आतला ग्लास ओट्यावरनं हळूहळू घसरत खाली आला. आण्णा म्हणाले, चाललंय की, एका रात्रीचा प्रश्न हाय.

वीज हंबीररावांच्या सोप्यातनं, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतनं घेतली. तिथं आण्णा चुकले नाहीत, हे मी कबूल करतो. हंबीररावांनी लग्नातल्या दिव्यांच्या माळेची पातळ वायर काढली, तर आण्णा ती हातात धरूनच नको म्हणाले. असल्या वायरीवर हीटर लावला तर वायरच पहिली पेटंल. स्वतःजवळची जाड वायर त्यांनी खिडकीतनं आत घेतली, सांधा नीट बांधला, पिन सोप्यातल्या बोर्डाला लावली. एवढा काटेकोर माणूस. म्हणून तर पुढचं आठवलं की मला जास्त वाईट वाटतं.

ती रात्र सगळी पाहुण्यांच्या घरातच निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी जावळ झालं. मी गाडीतच होतो, पण देवळातनं आल्यावर सगळ्यांचं बोलणं तेच. पोराचा मामा आदर्श, स्नेहलचा भाऊ, नेसरीहून आलेला. त्याच्या मांडीवर बसून सम्राटनं म्हणे असा टाहो फोडला की न्हाव्याचा हात थांबला. शेवटी झालं एकदाचं. टकलावर हळदीचं स्वस्तिक काढलं होतं. पोरगं एवढं गोजिरं दिसत होतं की मला वाटलं आत्ताच कांड्या पेटाव्यात.

दुपारी जेवणं करून राजवीर आणि आदर्श निघून गेले. एकाची पुण्यात ड्युटी, दुसऱ्याच्या घरात म्हैस व्यायला झालेली. मागं राहिली ती आण्णा, आक्का, स्नेहल आणि टकलू. ऊन असं त्या दिवशी पडलंच नाही. चारच्या सुमाराला धुकं गोठ्यापर्यंत आलं, पाचला अंगणात, आणि सहाला म्हशी दिसेनाशा झाल्या. सम्राट शिंकला.

एक शिंक. आक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपडं घातलं, त्यावर कानटोपी घातली, त्यावर स्वतःच्या लुगड्याचा पदर. दुसरी शिंक आली. आण्णा, लाव की ते तुझं यंत्र, म्हणून त्यांनी भावाला हाक मारली.

आण्णांनी मला गादीपासनं दोन हात लांब ठेवला आणि खटका दाबला. माझ्या कांड्या लाल झाल्या. दोन वर्षांनी! पोरगं माझ्याकडं बघून हसलं. आक्कांनी हात पुढं करून शेकले. आणि आण्णा ओट्यावरचं भांडं घ्यायला एक पाऊल पुढं आले, गाडी स्प्रिंगांवर जराशी हलली, मी उताराकडं कललो, बटण टक् केलं. मी विझलो.

आण्णांनी मला सरळ केला. पेटलो. स्नेहल दारातनं आत आली, गाडी हलली. विझलो. खाली फळी घातली. पेटलो. आक्का बसल्या जागेवरनं उठल्या. विझलो. असं सात-आठ वेळा झालं. माझी चूक नव्हती. मला शिकवलंच तसं होतं. पण पोराचं नाक गळायला लागलं होतं आणि माझ्याकडं बघणाऱ्या माणसांच्या नजरा बदलत चालल्या होत्या.

तेवढ्यात हंबीरराव आले. हातात निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं. हसत हसत म्हणाले की कोल्हापूरच्या यंत्राला बावड्याची थंडी सोसंना वाटतं. हे घ्या, हे काय बंद पडत न्हाय. आण्णा घमेल्याच्या आडवे उभे राहिले. "बंद गाडीत निखारं नकोत, पावणं. त्यांच्या धुरानं माणूस झोपंतच जातंय. आमच्या वळखीचा डायवर गेलाय तसा." हंबीररावांनी घमेलं मागं नेलं, पण जाताना माझ्याकडं बघून पुन्हा हसले. ते हसणं आण्णांना लागलं. मला दिसलं ते. कान तांबडे झाले होते त्यांचे.

बघा, निखारे नाकारले ते बरोबरच. आता चाकांखाली चार विटा घातल्या असत्या तर गाडी सपाट झाली असती. पाच मिनिटांचं काम. तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण पाहुणा हसला होता, आणि मशिनपुढं हार खायची त्या हाताला सवय नव्हती.

आण्णांनी मला उलटा केला. बटण अंगठ्यानं आत दाबलं आणि त्याच्यावर काळी टेप लावली. एक पट्टी, मग आडवी दुसरी, मग तिसरी. टेप दातानं तोडली.

मला सरळ उभा केला तेव्हा मी पेटलो. आण्णांनी मुद्दाम मला एका बाजूला कलवून बघितलं. मी पेटलेलाच. पाडून बघितलं असतं तरी पेटलेलाच राहिलो असतो. ते खूश झाले. "आता बंद पडू दे बघू," म्हणाले.

तुम्हांला सांगतो, ऊब देत असताना माझ्या आत असं गार पडलं की काही विचारू नका. माझ्या डोळ्यापुढं ती बाजूची पेटी आली. पडूनही न विझणाऱ्यांची. मला आता त्यांच्यात टाकलं होतं, आणि गाडीत एक पोरगं होतं.

स्नेहल दारात उभी राहून बघत होती. तिनं हळूच विचारलं, आण्णा, ते बटण कशासाठी असतंय? पुस्तकात लिहिलंय की. आण्णा टेपेचं रीळ गुंडाळत म्हणाले, "पोरी, पुस्तकं वाचून गाड्या बांधल्या असत्या तर उद्यमनगरात मास्तर बसलं असतं." आक्काही हसल्या. स्नेहल नाही हसली. पण सासऱ्यापुढं, त्यातून पाहुण्याच्या अंगणात, बोलायचं किती? जाताना माझ्याकडं मान वळवून बघत गेली.

साडेसात वाजले. वरच्या घरात पंगत बसायची होती. जावळाचं मटण, पांढरा रस्सा, आणि स्नेहलला भाकरी वाढायला हाक आलेली. सम्राट गादीवर झोपला होता. तिचा पाय निघेना. आक्का म्हणाल्या, जा की तू, मी हाय न्हवं. मला काय खायाचंय, मऊ भात असला की आण वाटीभर. आण्णा आधीच वर गेले होते. स्नेहलनं मला भिंतीकडं आणखी एक वीतभर सरकवलं, पोराचं पांघरूण नीट केलं आणि गेली.

आता गाडीत आम्ही तिघं. मी, आक्का आणि झोपलेलं पोर.

आक्का वाईट होत्या असं कुणी समजू नका. त्यांच्यासारखी मायेची बाई मी बघितली नाही. धुक्यात दोन दिवस एकही दुपटं वाळलं नव्हतं. आमच्या आक्कांच्या काळी निखाऱ्यांवर वेताची पाटी उलटी घालायचे, वर दुपटी पसरायचे, आणि शेकलेलं कोरडं दुपटं पोराला गुंडाळायचे. भावांची चार आणि बहिणीची दोन पोरं त्यांनी तशी मोठी केली होती. त्यांना मी म्हणजे निखाऱ्यांची नवी पाटी वाटलो. त्यांनी एक दमट दुपटं माझ्या डोक्यावर टाकलं. त्याचं टोक पुढं लोंबत राहिलं. मग मला जरा जवळ ओढलं, म्हणजे पोरालाही ऊब लागेल. आधी दोन हात होतो, आता एका हातावर आलो.

मग त्या घोंगडं पांघरून भिंतीला टेकल्या. पहाटे चारला उठलेल्या होत्या. दिवसभर पोराच्या काळजीनं जीव टांगलेला. ऊब लागली आणि डोळा लागला. नाक सर्दीनं पार बंद, घोरत होत्या.

सम्राट उठला.

रडला असता तर बरं झालं असतं. पण हे पोर उठलं की आधी इकडंतिकडं बघायचं. त्याला मी दिसलो. लालभडक. नुकतं ते कशाला तरी धरून उभं राहायला शिकलं होतं. गादीवरनं रांगत आलं, लोंबणारं दुपट्याचं टोक मुठीत धरलं आणि उभं राहायला लागलं.

मी सगळा जीव बुडाशी आणला. सोड, बाळा. सोड रे. मला आवाज असता तर तो डोंगर ओलांडून गेला असता. त्यानं ओढलं. गाडी उताराला होतीच. मी गेलो.

तोंडावर पडलो, गादीच्या कडेच्या गोधडीवर. पोरगं धप्पकन बाजूला बसलं. त्याचा पाय माझ्यापासनं चार बोटांवर. मी वाट बघत होतो, आता टक् होईल, आता होईल. टेपेखाली बटण धडपडत होतं, मला ते कळत होतं. तीन पट्ट्या होत्या. आण्णांचं काम कच्चं नसतं.

गोधडी आधी गरम झाली, मग तिचा वास आला, मग माझ्या जाळीखाली तपकिरी डाग पसरायला लागला. धूर माझ्या दोन्ही बाजूंनी वर यायला लागला. पोरानं टाळ्या वाजवल्या. मग ते खोकलं. आक्का घोरत होत्या. मी जळत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं. एवढं वाईट काय असतं सांगा? ज्याला जपायचं त्याच्यावरच आपण उलटलोय, हे डोळ्यांनी बघायचं आणि स्वतःला आवरता येऊ नये.

आणि मी विझलो.

एकदम. कांड्या लालच्या काळ्या झाल्या. मला वाटलं, लाईट गेली. खेड्यात जाते तशी. देवीचीच कृपा म्हणायची. पण छताचा दिवा गाडीच्या बॅटरीवर, तो जळत होता, आणि खिडकीतनं वरच्या घराचा उजेडही दिसत होता.

वर काय झालं ते मला पुढं आक्कांकडनं कळलं. त्यांनी ते एवढ्या वेळा एवढ्या जणांना सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

पंगत बसली होती. आण्णा बोर्डाच्या खालीच बसलेले. स्नेहल भाकऱ्यांची परडी घेऊन वाढत होती. दोनदा तिच्या हातनं भाकरी ताटाबाहेर पडली. हंबीररावांच्या मालकिणीनं विचारलंही, बरं न्हाय का गं? ती पुढची भाकरी वाढायला वळली. धूर दिसला होता म्हणाल, तर नाही. वास आला होता म्हणाल, तर मटणाच्या घमघमाटात कुठला वास. तिला काहीच ठाऊक नव्हतं. फक्त तिला ती टेप दिसत होती. पहिली पट्टी, आडवी दुसरी, तिसरी. पंगतीच्या मधोमध ती थांबली, परडी खाली ठेवली, सासऱ्याच्या ताटावरनं हात लांब करून बोर्डापर्यंत गेली आणि पिन ओढून काढली.

आण्णांचा घास हातात. चार पाहुण्यांसमोर सुनेनं असं करावं? ते म्हणाले, "पोराला गारठून मारायचंय व्हय गं?" आणि उष्ट्या हातानं पिन घ्यायला उठले.

स्नेहल बोर्डापुढं उभी राहिली. तिथनं सरकली नाही म्हणे. "न्हाय आण्णा. त्ये बटण मोकळं केल्याबिगार मी पिन लावू द्यायची न्हाय. काय बोलायचं ते मागनं बोला." एवढं बोलून पिन मुठीत घट्ट धरून ती अंगणात उतरली. वायर तिच्यामागं फरफटत गेली. आण्णा तिच्यामागं. रागानं.

गाडीचं दार उघडलं आणि धूर बाहेर आला.

तिनं पोराला उचललं. आण्णांनी मला. कशानं उचलतोय याचं भान नव्हतं त्यांना. उघड्या उजव्या हातानं जाळीला धरलं आणि मला दारातनं बाहेर फेकलं. गोठ्याच्या दगडावर आपटलो, तेव्हाचा हा पोचा. गोधडी विझलेली नव्हती, कापसात आत आत धुमसत होती. आण्णांनी ती पायाखाली तुडवली, हंबीररावांनी घागर आणून ओतली. आक्का उठून बसल्या होत्या. काय झालं काय झालं करत होत्या, आणि कुणी सांगायच्या आधीच त्यांना कळलं. डोक्याला हात लावून बसल्या. सम्राटच्या अंगाला चटकाही नव्हता. आईच्या खांद्यावरनं तो माझ्याकडंच बघत होता.

त्या रात्री पोराला वरच्या घरात चुलीशेजारी निजवलं. टकलाला आक्कांचा पदर. सर्दी तिसऱ्या दिवशी आपोआप गेली. शिंकांना घाबरून आम्ही काय करून बसलो होतो बघा.

आण्णा घरात गेले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसले, मला मांडीवर उलटा घेऊन. उजवा तळहात भाजलेला, जाळीच्या रेघा त्यावर उमटलेल्या. डाव्या हाताच्या नखानं टेप काढत होते. काळी टेप तापून चिकटून बसली होती, निघता निघत नव्हती. स्नेहल कोरफडीचा तुकडा घेऊन आली आणि त्यांचा हात हातात घेऊन गर लावू लागली.

मग आण्णा म्हणाले, "तीस वर्षं गाड्यांना बरेक बसवलं मी. आन् ह्याचा बरेक ह्या हातानं काढला."

स्नेहलनं गर लावायचं थांबवलं नाही. ती एवढंच म्हणाली की विटा घालूया उद्या. आण्णांनी मान हलवली. शेवटची पट्टी निघाली तेव्हा बटण टक् करून बाहेर आलं, आणि आवाज ऐकून ते लहान पोरासारखे रडले. मोठा माणूस असा रडताना बघणं मला जड गेलं. माझा राग तिथंच संपला.

सकाळी धुकं होतंच. आण्णांनी दुपट्यांच्या पिशवीतलं ते पुस्तक मागून घेतलं. अक्षर बारीक, त्यात हिंदी, आणि चष्मा गडबडीत फुटलेला. ते सुनेला म्हणाले, तू वाच. तिनं सगळं वाचलं आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. अंथरुणापासनं किती लांब ठेवायचा, अंगावर कापड टाकायचं नाही, चालू ठेवून पोरापाशी कुणी झोपायचं नाही, बटणाला हात लावायचा नाही. आक्काही ऐकत होत्या. कापडाच्या ओळीला त्यांनी मान खाली घातली. आण्णा म्हणाले, पुन्यांदा वाच. तिनं पुन्हा वाचलं.

कोल्हापुरात आल्यावर आण्णांनी माझी वायर कापली आणि मला फळीवर ठेवलं. टाकून दिलं नाही. आता ते दुसऱ्यांसाठी फिरती घरं बांधतात. आतापर्यंत पाच बांधून झाली. गिऱ्हाईक बढाया मारायला लागलं, की आम्ही हिमाचलला जाणार, बरफात राहणार, की आण्णा मला खाली काढतात, आधी माझं तोंड दाखवतात, मग स्वतःचा तळहात. दोन्हीकडं जाळी सारखीच दिसते.

आणि गाडी बाहेर काढायच्या दिवशी स्नेहल येते. डेअरीतनं सुटून, अंगावर ऑफिसची साडी, खांद्याला पर्स. गाडीतला नवा हीटर चालू करते आणि पायाच्या अंगठ्यानं ढकलून आडवा पाडते. तीनदा. तिन्ही वेळा विझला, तरच आण्णा किल्ली देतात. फळीवरनं मी बघत असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती कारखान्यातली बाई आठवली आणि जीव भरून आला.

माझी काळजी काही संपत नाही. नवा हीटर बाहेर पडला की मला घोर लागतो, तो कुणाच्या घरी जाईल, ते घर उताराला असेल का, तिथं कुणी हसेल का. कुणी हसलं की माणूस काय करेल सांगता येत नाही.

सम्राट आता दोन वर्षांचा झालाय. डोक्यावर दाट केस आलेत. आण्णांबरोबर वर्कशॉपमध्ये येतो, फळीखाली उभा राहून मला मागतो. आण्णा मला खाली ठेवतात आणि स्वतः शेजारी उकिडवे बसतात. हलत नाहीत तिथनं. तो दोन्ही हातांनी मला ढकलतो. मी पडतो. टेपेचा चिकटपणा अजून पुरता गेलेला नाही, म्हणून एक क्षण बटण अडतं. तेवढ्या क्षणात माझा आणि आण्णांचा श्वास अडकतो. वायर नाही, वीज नाही, दोघांनाही ठाऊक असतं. तरी अडकतो.

मग टक् होतं. पोरगं टाळ्या वाजवतं.

माझं एवढंच मागणं आहे. थंडीचे दिवस आले, हीटर घरात आणलात, तर वापरायला काढायच्या आधी त्याला एकदा मोकळ्या फरशीवर पेटवून तुमच्या हातानं पाडून बघा. तो विझला, तरच त्याला तुमच्या पोराच्या खोलीत न्या.